इंद्रभान कंडक्टरची दोन मांजरं

चिखली डेपोतून इंद्रभान कंडक्टर रिटायर झाले, पण त्यांची जीभ तेवढी ड्युटीवर राहिली. उभ्या नोकरीत त्यांना एक सवय लागली होती. माणसानं गाडीच्या पायरीवर पाय ठेवला की त्याचं सगळं त्यांना कळायचं. कोण सुट्ट्या पैशांचं निमित्त करणार, कोण मिसरूड फुटलेल्या पोराचं हाफ तिकीट मागणार, कोण झोपेचं सोंग घेऊन पुढच्या गावापर्यंत फुकट जाणार. गाडी सुटली, तरी सवय सुटली नाही. मग ते कॉलनीतल्या माणसांवर भागवू लागले.

कॉलनीचं नाव प्रगती कॉलनी. खामगाव रोडच्या बाजूला शेताचे प्लॉट पडले तेव्हा इंद्रभाननी तिथं जागा घेतली, घर बांधलं, दारावर निळ्या अक्षरांत ‘जेतवन’ लिहिलं. शेजारी भगवानराव. त्यांची शेती सुलतानपूरला, बंगला चिखलीत, आणि पांढरी गाडी कायम या दोन्हींच्या मधे कुठंतरी. कॉलनीचे अध्यक्ष तेच होते, कारण दुसऱ्या कोणाला त्यांनी होऊ दिलं नव्हतं. गेटवर भेट झाली की ते इंद्रभानच्या खांद्यावर हात ठेवायचे. “आता जातपात कुठी राह्यली, कंडक्टर साहेब? तुमी तं आमच्यातलेच!”

या आमच्यातल्यांच्या घरी मात्र कॉलनीतल्या कोणी कधी चहाचा कप रिकामा केला नव्हता. गृहप्रवेशाच्या बुद्धवंदनेला सगळे आले, खुर्च्यांवर बसले, फरशीचं कौतुक केलं, आणि चहाचा ट्रे बाहेर आला तसे एकेक जण आजारी पडले. एकाला ॲसिडिटी, दुसऱ्याला शुगर. भगवानरावांच्या पत्नी आशाबाईंना तर आठवून आठवून कोणता तरी उपास निघाला. उपासाला चहा चालतो हे इंद्रभानच्या पत्नीला, जनकाबाईंना, चांगलं माहीत होतं. पण त्या बोलल्या नाहीत. त्यांची रीतच तशी होती. बोलायचं काम त्यांनी नवऱ्याला दिलेलं होतं आणि ठरवायचं काम स्वतःकडे ठेवलेलं होतं. इंद्रभान ट्रे आत नेताना मोठ्यानं म्हणाले, “आख्खी कॉलनी बिमार हाय वं! घरापेक्षा इथं दवाखाना बांधला असता तं चालला असता.”

त्यांची लेक मयुरी पुण्यात नोकरीला. तिथल्या घरमालकाला मांजर खपेना, म्हणून तिनं आपली छकुली आईबापाकडे आणून टाकली. छकुली पांढरीशुभ्र, गळ्यात लाल पट्टा, पट्ट्याला घुंगरू. दूध कोमट नसलं तर ती वाटीकडं पाठ करून बसायची. एकदा स्वयंपाकघरात उंदीर निघाला तेव्हा पलंगावर आधी ती चढली आणि मागून इंद्रभान. तरी त्यांचा तिच्यावर फार जीव. दुपारी ती कंपाउंडच्या भिंतीवर उन्हात पसरायची आणि ते खुर्ची टाकून तिच्याशी कॉलनीची निंदा करायचे. तिच्याकडून कधी दुजोरा आला नाही, पण विरोधही आला नाही.

रिटायर झाले तरी इंद्रभान रोज सकाळी एसटी स्टँडवर जाऊन यायचे. कोणती गाडी लेट आहे हे पाहिल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. अशाच एका सकाळी कँटीनमागे त्यांना तो बोका दिसला. करड्या रंगाचा, डोकं हे एवढं मोठं, एक कान फाटलेला, एका डोळ्यात फूल पडून तो मोत्यासारखा पांढरा झालेला. खांद्यावर जखम, जखमेत पू. गाड्या येत होत्या, जात होत्या, आणि तो कोणत्याच गाडीची वाट न पाहता बसला होता. इंद्रभान त्याच्यापुढं उकिडवे बसले. “काय बे? सस्पेंड केलं का तुले?”

बोक्यानं चांगला डोळा उघडून त्यांच्याकडं पाहिलं आणि परत मिटला. या बेपर्वाईनं इंद्रभान खूश झाले. कापडी थैलीत घालून त्यांनी त्याला घरी आणलं. जनकाबाईंनी थैलीत डोकावून नाकाला पदर लावला.

“हा आपल्याच खात्यातला हाय,” इंद्रभान म्हणाले. “डोयात मोती हाय, म्हनून मोतीराम.”

चिखलीत गाईम्हशींचे डॉक्टर मिळतात, पण मांजराचं म्हटलं की ते हसतात. म्हणून दोघं थैली घेऊन बुलढाण्याला गेले. तिथं डॉ. पुष्पांजली नावाची एक तरुण डॉक्टरीण होती, मूळची जळगाव जामोदची. तिनं जखम धुतली, इंजेक्शन दिलं, आणि रक्ताचा थेंब एका पट्टीवर टाकून वाट पाहिली. पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

“काका, याला एफआयव्ही आहे,” ती म्हणाली. “माणसाच्या एड्सचा जो विषाणू असतो ना, त्याच्याच खानदानातला, पण हा फक्त मांजरांचा. माणसाला होत नाही. मांजरांच्या भांडणात खोल चावा बसला की एकाचा दुसऱ्याला लागतो. सोबत राहून, एका वाटीत खाऊन सहसा लागत नाही.”

“सहसा म्हंजे?”

“सहसा म्हणजे सहसा. पूर्ण गॅरंटी मी कशाचीच देत नाही.”

“बरा होईन का?”

“आजार जाणार नाही. पण नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं जगेल. याची नसबंदी करू, म्हणजे भांडखोरपणा जाईल. बाहेर सोडायचा नाही. तुमच्या घरची मांजर निरोगी आहे, तर सुरुवातीला याला वेगळ्या खोलीत ठेवा, वाटी वेगळी, वाळूचं घमेलं वेगळं. हळूहळू ओळख करून द्या. दोघं भांडत नसतील तर एकत्र राहू शकतात. भांडले, तर मग विचार करावा लागेल.”

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना इंद्रभानचा सगळा खात्याचा अभिमान उतरला होता. छकुली डोळ्यांपुढं आली. मयुरीला काय तोंड दाखवायचं? “चिखली स्टँडवर उतरलो का याले तिथंच सोडून देऊ,” ते म्हणाले. “आपन औषध केलं, आपलं काम झालं.” जनकाबाईंनी थैली नवऱ्याच्या हातातून आपल्या हातात घेतली.

चिखलीच्या गाडीत नवा कंडक्टर होता. त्याला थैली हललेली दिसली. “काका, काय हाय थैलीत? कोंबडी असन तं तिकीट लागते.”

आता इथं इंद्रभाननी गप्प बसायला हवं होतं. पण गाडी, कंडक्टर आणि भरलेल्या सीटा एवढं सगळं समोर असताना गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. “एड्स झालेलं मांजर हाय बाप्पा!” ते खणखणीत आवाजात म्हणाले. “त्याले काही कन्सेशन असन तं पाह्य.”

गाडी हसली. कंडक्टर हसला. दोन सीटा पुढं भावाकडून परत येत असलेल्या आशाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हळूच मान वळवून थैलीकडं पाहिलं, मग जनकाबाईंकडं पाहिलं, आणि पदर नाकावर घेतला तो चिखली येईपर्यंत काढला नाही.

स्टँडवर उतरल्यावर इंद्रभान कँटीनकडं वळले. जनकाबाई वळल्या नाहीत. थैली छातीशी धरून त्या सरळ घराच्या रस्त्याला लागल्या. इंद्रभाननी मागून धावत गाठलं. “काऊन वं?”

“तुमीच म्हनले ना आपल्या खात्यातला हाय. मंग द्या त्याले क्वार्टर.”

क्वार्टर म्हणजे पाहुण्यांची खोली. पाहुणे तसेही येत नव्हते. नसबंदी करून आणल्यावर मोतीरामला तिथं पोत्याचं अंथरूण मिळालं आणि वाळूचं घमेलं मिळालं. राहिली वाटी. इंद्रभाननी मांडणीवरून एक जुनी, पोचे पडलेली वाटी काढली आणि ओळखायला तिच्या बुडाला रंगाचा ठिपका देतो म्हणून ब्रश शोधू लागले. जनकाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या.

“ठिपका नका देऊ,” त्या म्हणाल्या.

“अवं, डॉक्टरनं सांगतलं. वेगळी पाह्यजे.”

“वेगळी द्या. पन चांगली द्या. आमच्या गावात हाटेलात कपाले असाच ठिपका राहे. लाल. माह्या बापाले तो कप सोताच धुवून खिट्टीले लटकवा लागे.”

इंद्रभानच्या हातातला ब्रश हातातच राहिला. आपल्याच घरात, आपल्याच हातानं आपण वेगळी वाटी काढली, हे त्यांना तेव्हा दिसलं. मग ते आपलीच बाजू घेत म्हणाले, “पन हे तं दुखन्यापायी हाय ना?”

“हाव. दुखन्यापायी हाय. दोघाची गट्टी जमली का वाटी एक करू. हे आत्ताच ठरवून ठेवा.” आणि त्यांनी छकुलीच्या वाटीच्या जोडीचीच दुसरी चकचकीत वाटी खाली ठेवली.

इकडं आशाबाईंनी आपलं काम केलं होतं. गाडीत ‘एड्स झालेलं मांजर’ होतं. चिखलीच्या स्टँडवर उतरेपर्यंत ते ‘मांजराच्या एड्सची साथ’ झालं. कॉलनीच्या गेटपाशी येईतो ‘कंडक्टरच्या घरात एड्स’ एवढंच राहिलं, कारण मांजर मधल्या मधे कुठं तरी गळून पडलं. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं पिशवी गेटला अडकवली आणि लांबूनच हाक मारली. समोरच्या घरातल्या जयमाला मॅडम शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी जनकाबाईंच्या घरून आलेला लोणच्याचा डबा न उघडता परत पाठवला आणि कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं की मच्छर आधी मांजराला चावला आणि नंतर आपल्याला चावला तर? ग्रुपवर एरवी फुलांची चित्रं आणि सुप्रभात यापलीकडं काही नसायचं. त्या दिवशी मात्र सगळे वैद्य झाले. कोणी लसणाच्या पाकळ्या गळ्यात बांधायला सांगितल्या, कोणी कापराचा धूर. एकानं फिनाइल शिंपडण्याचा ठराव मांडला आणि तो बिनविरोध मंजूर झाला.

रविवारी भगवानरावांनी सभामंडपात मीटिंग लावली. इंद्रभान इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर हजर झाले. त्यांच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

“हे पाहा कंडक्टर साहेब,” भगवानराव घसा साफ करून म्हणाले, “आमचं तुमच्याबद्दल काही म्हननं नाही. पन कॉलनीत लेकरंबाळं हाय. ते मांजर कुठी तरी लांब सोडून द्या. लागनीचा रोग हाय.”

“मानसाले होत नाही म्हनून डॉक्टरनं सांगतलं.”

“डॉक्टरचं काय जाते सांगाले! उद्या झाला तं?”

“मांजराचा मानसाले झाला असता,” इंद्रभान शांतपणे म्हणाले, “तं मानसाचा मांजराले नसता झाला का? मंग मोतीरामलेच आपल्यापासून सांभाळा लागन.” मागच्या रांगेत कोणी तरी फिसकलं. इंद्रभान उभे राहिले. “खरं सांगू का भगवानराव? मोतीरामचे तुमी आभार माना. इतके दिवस तुमाले कारनं शोधा लागत होते. ॲसिडिटी म्हना, शुगर म्हना, उपास म्हना. किती तरास! आता मोतीरामनं तुमचं काम हलकं केलं. सरळ म्हना, कंडक्टरच्या घरी लागन हाय, आमी येत नाही.”

जयमाला मॅडम मोबाइलमधे फार महत्त्वाचं काही तरी शोधू लागल्या.

“आता याच्यात जात कुठून आनली तुमी?” भगवानराव लालबुंद झाले.

“मी कुठी आनली? मी तं ॲसिडिटी म्हनलो.”

मीटिंग चहा न होताच संपली. ठराव असा झाला की मांजर आठवड्यात काढावं. इंद्रभाननी तो ऐकला आणि घरी येऊन विसरून गेले.

घरात वेगळीच सभा चालू होती. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे जनकाबाई मोतीरामच्या अंगाखालचं फडकं छकुलीच्या टोपलीत ठेवायच्या आणि छकुलीचं मोतीरामच्या. छकुली त्या फडक्यावर फिस्कारायची. मग दाराला फट ठेवली. मग दार उघडलं आणि इंद्रभान मधे स्टूल टाकून बसले. त्यांना भीती स्टँडवरच्या गुंडाची होती. निघालं भलतंच. मोतीराम भिंतीशी पोट टेकून पडला, आणि ही कोमट दूध पिणारी, उंदराला भिणारी राजकन्या तरातरा चालत गेली आणि तिनं त्याच्या थोबाडीत दोन ठेवून दिल्या. मोतीरामनं डोळा मिटून घेतला. साऱ्या जन्माचा मार खाऊन आलेल्याला या दोन थपडांचं काय!

“पाह्य लेका,” इंद्रभान म्हणाले, “ज्याले रोग हाय तो गुमान बसला, अन् निरोगी चावाले धावून राह्यली. कॉलनीचं पानी लागलं हिले.”

बरेच आठवडे असे गेले. थपडा कमी झाल्या. एक दिवस दोघं खिडकीतल्या उन्हात वीतभर अंतर ठेवून झोपलेले दिसले. त्या संध्याकाळी जनकाबाईंनी दोन्ही वाट्या एकमेकींजवळ मांडल्या.

आणि त्यानंतर दोनच दिवसांनी छकुली गायब झाली.

भिंतीवर नव्हती, गच्चीवर नव्हती, गल्लीत नव्हती. इंद्रभाननी घराघराची दारं वाजवली, पण त्यांना पाहून दारं जरा उशिराच उघडत होती. जेवणावरून त्यांचं मन उडालं. चार दिवस त्यांनी कोणाची टिंगल केली नाही, तेव्हा जनकाबाई खरोखर घाबरल्या. शेवटी इंद्रभाननी रिटायर आणि चालू कंडक्टर-ड्रायव्हरांच्या ग्रुपवर छकुलीचा फोटो टाकला. जिल्ह्यातल्या साऱ्या फाट्यांवर ज्यांचे डोळे असतात अशी ही एकच फौज. मेहकर-जालना गाडीवरच्या एका पोराचा फोन आला. “काका, लाल पट्ट्याची पांढरी मांजर ना? सुलतानपूरले स्टॉपजवळच्या गोठ्याच्या भिंतीवर बसेल दिसते.”

सुलतानपूरला उतरून इंद्रभाननी गोठा विचारला. “भगवानरावचा होय? तो काय पुढं,” एकानं बोट दाखवलं. तेव्हा इंद्रभानच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भगवानरावांनी आपल्या टेंपोवाल्याला कंडक्टरचं मांजर लांब सोडून यायला सांगितलं असणार. टेंपोवाल्याला कंडक्टरचं मांजर म्हणजे भिंतीवर दिसेल ते. मोतीराम तर कधी बाहेर दिसलाच नव्हता. रोगी मांजर घरात राहिलं आणि निरोगी पोत्यात गेलं. आणि वेगळी चक्कर मारायचा कंटाळा आला म्हणून टेंपोवाल्यानं ते मालकाच्याच गोठ्यात सोडलं.

गोठ्याच्या बाजूला घर. ओसरीवर बाजेवर एक म्हातारी बसलेली. ही भगवानरावांची आई, अन्नपूर्णाबाई. लेकाच्या बंगल्यात तिला करमत नसे, म्हणून ती गावी राहायची. तिच्या मांडीवर छकुली झोपलेली. इंद्रभानचा आवाज ऐकताच छकुलीनं डोळे उघडले, पण उठायची तसदी घेतली नाही.

“तुमची व्हय का?” म्हातारी म्हणाली. “मोठी लाडाची हाय बाप्पा. माह्याच ताटलीत खाते. बसा. चिखलीहून आले म्हंजे दमले असान.” तिनं आत हाक मारून चहा सांगितला. घरकामाची बाई स्टीलच्या ग्लासात चहा घेऊन आली. इंद्रभान प्यायले. मग म्हातारीनं विचारलं, “आडनाव काय तुमचं?”

इंद्रभाननी आडनाव सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, गावही सांगितलं, म्हणजे शंकेला जागा नको. म्हातारीची नजर रिकाम्या ग्लासावर गेली. तिथून इंद्रभानवर आली. परत ग्लासावर गेली.

“आधी सांगाचं नाही का?”

“आधी तुमी विचारलं नाही.”

मग म्हातारीनं हात झटकला. “आता चहा तं पेले. स्टीलचा गिलास, फोडताबी येत नाही. एवढं झालंच हाय तं भाकर खाऊन जा. दुपार झाली.”

इंद्रभान नोकरीभर हजार गावांत जेवले असतील, पण असं आमंत्रण त्यांना कोणी दिलं नव्हतं. ते जेवले. वांग्याची भाजी तिखट होती. निघताना त्यांनी म्हातारीचा आणि छकुलीचा फोटो काढला आणि प्रगती कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आमची मांजर सापडली. भगवानरावांनी तिला आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. तिथे ती आईंसोबत एकाच ताटलीत जेवत होती. मीही जेवलो. अध्यक्षांचे आभार.’

ग्रुप गपगार झाला. पण गप्प बसलेली माणसं विचार करत असतात, आणि प्रगती कॉलनीचा विचार नेहमी एकाच दिशेनं जायचा. कंडक्टरकडं मांजरं दोन आहेत, एक रोगी आणि एक निरोगी, हा फरक त्यांनी कधी मनावर घेतलाच नव्हता. लागण असलेली मांजर भगवानरावांच्या आईच्या ताटलीत जेवली, एवढं त्यांना पुरलं. आशाबाईंनी हळदीकुंकू केलं, तर बायका आल्या, कुंकू लावून घेतलं, आणि फराळाची ताटं बाहेर आली तशी सगळ्यांची ॲसिडिटी एकदम उसळली. दूधवाल्यानं त्यांच्याही गेटला पिशवी अडकवली.

खरी गंमत पुढं आहे. भगवानराव स्वतःच घाबरले होते. त्यांनी आईला गाडीत घालून गुपचूप बुलढाण्याच्या एका लॅबमधे नेलं. लॅबमधे थायरॉइडच्या रिपोर्टसाठी जयमाला मॅडम आधीच बसल्या होत्या. म्हातारीला कमी ऐकू यायचं, म्हणून भगवानरावांना तिच्या कानाशी तोंड नेऊन कोणती तपासणी ते सांगावं लागलं. म्हातारीनं साऱ्या लॅबला ऐकू जाईल असं उत्तर दिलं. “एड्स? मले कशानं होईन बे? तुह्या बापाले जाऊन किती वर्सं झाले!”

जयमाला मॅडम घरी पोचायच्या आधी बातमी पोचली.

दुसऱ्या दिवशी भगवानराव ‘जेतवन’च्या दारात उभे. या खेपेला हात खांद्यावर आला नाही. “कंडक्टर साहेब, ग्रुपवर तेवढं लिहून टाका ना, का ते मांजर निरोगी होतं म्हनून.”

“मी कशाले लिहू?” इंद्रभान आरामात खुर्चीवर रेलले. “उद्या झाला तं? डॉक्टरचं काय जाते सांगाले!”

“मस्करी करू नका. माय हाय माही ती.”

“मांजर पोत्यात घालून नेलं तवा नव्हती का मस्करी?”

भगवानरावांची मान खाली गेली. इंद्रभान अजून बराच वेळ हे चालवणार होते, त्यांच्या जिभेला आत्ता कुठं धार आली होती. पण आतून जनकाबाई आल्या, नवऱ्याच्या हातातला मोबाइल घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा ग्रुपवर बोलल्या. “मी जनकाबाई बोलून राह्यली. सुलतानपूरले गेलं ते मांजर निरोगी हाय. घरातल्याले जे हाय ते मानसाले होत नाही. अन् मानसाले जे होते, तेबी चहानं, ताटानं होत नाही. एवढं तं तुमच्या लेकराच्या पुस्तकात लिहेल हाय. आता फिनाइल बंद करा, माह्या जास्वंदीचं झाड मेलं.” आणि मोबाइल परत देऊन त्या आत गेल्या. भगवानरावांना बसा म्हणाल्या नाहीत, काही घेता का हेही विचारलं नाही.

आता छकुलीचं ऐका. ती आली तेव्हा तिच्या मागच्या मांडीवर दाताची खूण होती. गोठ्याच्या आसपास गावचे बोके हिंडायचे. त्यातल्या कोणी तरी चावलं होतं. डॉ. पुष्पांजलीनं जखम पाहून ओठ आवळले. “चावणाऱ्याला आजार होता की नाही, आपल्याला माहीत नाही. लगेच टेस्ट करून कळणार नाही, दोनेक महिने थांबावं लागेल. तोवर हिला वेगळं ठेवा. हिची वाटीही वेगळी.”

पाहुण्यांच्या खोलीत आता छकुली गेली, आणि मोतीराम साऱ्या घरात शेपटी उंच करून फिरू लागला. दारापाशी बसून तो फटीतून पंजा आत घालायचा. आतून पंजा यायचा. इंद्रभान ते पाहून जोक करायचे, पण मधेच थांबायचे. ज्याच्यापासून जपलं त्याच्यापासून काही झालं नाही, आणि ज्यांनी लागणीची ओरड केली त्यांनी लेकराला नेऊन कुत्र्यामांजरांच्या तोंडी दिलं, हे त्यांना पचत नव्हतं. रोज फोनवर मयुरीला ते सगळं ठीक आहे सांगायचे आणि फोन ठेवून अंगणात फेऱ्या मारायचे. एका संध्याकाळी जनकाबाईंनी त्यांना त्या खोलीच्या दाराशी खाली बसलेलं पाहिलं. आत छकुली, बाहेर मोतीराम, आणि मधे हे, डोळे पुसत. “धूर गेला डोयात,” ते म्हणाले. गॅसवर तेव्हा काहीही नव्हतं.

टेस्टच्या दिवशी पट्टीवर एकच रेघ उमटली. डॉक्टरीण हसली. इंद्रभाननी तरी पट्टी आडवी-उभी करून, खिडकीशी नेऊन पाहिली. परत येताना गाडीत ते एक अक्षर बोलले नाहीत. ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच मूक फेरी.

दोन्ही मांजरं अजून आहेत. मोतीरामला हिवाळ्यात सर्दी धरते, तोंडाला छाले येतात, औषध चालू असतं. छकुली त्याच्या अंगावर पाय टाकून झोपते आणि त्यानं कूस बदलली की थोबाडीत देते. भगवानराव अजून अध्यक्ष आहेत.

मागच्या महिन्यात इंद्रभानला सुलतानपूरहून फोन आला. अन्नपूर्णाबाई स्वतः बोलत होत्या, म्हणजे ओरडत होत्या. घर सुनं लागते, एखादं मांजर आनून द्या. लेकाले सांगतलं तं तो आयकत नाही. इंद्रभाननी स्टँडवरून एक तपकिरी पिल्लू उचललं, बुलढाण्याला नेऊन तपासलं आणि म्हातारीला फोन लावला.

“उद्या घेऊन येतो. सगळी तपासनी केली, त्याले काही नाही.”

“त्याले नाही, ते ठीक,” म्हातारी म्हणाली. “पन मले काय काय हाय ते सांगतलं का त्याले? शुगर हाय, दमा हाय, अंगाले खाज हाय. नंतर म्हनायचं, फसवलं म्हनून.”